शिकाऱ्यांची थट्टा आणि हत्यारांचा सल्ला : एका दुर्लक्षित संवादप्रकाराचे तौलनिक वाचन

१.

शिकारविषयक साहित्याचे तौलनिक वाचन आजवर प्रामुख्याने माणूस आणि पशू समोरासमोर येतात त्या क्षणाभोवती फिरत राहिले आहे. मिथकसमीक्षेने त्या क्षणात दीक्षाविधी पाहिला, वसाहतोत्तर समीक्षेने त्यात सत्तेचे प्रदर्शन वाचले आणि पर्यावरणवादी समीक्षेने निसर्गावरील आक्रमणाचा पुरावा शोधला. या वाचनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र शिकारीची पुस्तके प्रत्यक्ष उघडून पाहिली, तर त्यांतील फार मोठा भाग त्या क्षणाचा नसून बोलण्याचा असतो, असे ध्यानात येते. कोणती बंदूक न्यावी, गोळी किती वजनाची असावी, धनुष्याचा ताण किती पौंडांपर्यंत पेलवेल, बाणाचा फाळ कसा परजावा, हे विचारले व सांगितले जाते; आणि हे चालू असतानाच एकमेकांच्या चुकलेल्या नेमांची, फुशारक्यांची व जुनाट हत्यारांची टर उडवली जाते. समीक्षकांनी हा भाग तांत्रिक तपशील म्हणून किंवा पुरुषी वेळकाढूपणा म्हणून ओलांडला आहे.

मिखाईल बाख्तिन यांनी १९५२-५३ मध्ये लिहिलेल्या निबंधात दैनंदिन व्यवहारातील प्राथमिक वाक्‌प्रकार आणि त्यांना पोटात घेऊन घडणारे दुय्यम, साहित्यिक वाक्‌प्रकार असा भेद केला आहे. शिकाऱ्यांचे हे बोलणे प्राथमिक वाक्‌प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. त्याची दोन अंगे आहेत : सल्ला आणि थट्टा. सल्ला शिकारीच्या आधीचा असतो आणि तो हत्याराविषयी असतो. थट्टा बहुधा नंतरची असते आणि ती हत्यार चालवणाऱ्याविषयी असते. या दोहोंच्या मधे जे घडते ते म्हणजे जखम, आणि तिच्याविषयी सरळ बोलणे शिकाऱ्याला अवघड जाते. जनावर तत्काळ मेले की जखमी होऊन पळाले, ते शोधले की सोडून दिले, या प्रश्नांत शिकाऱ्याची सारी नीती सामावलेली असते.

ऑल्डो लिओपोल्ड यांनी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) या ग्रंथात शिकाऱ्याच्या नीतीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. खेळाडूला असतो तसा प्रेक्षकवर्ग शिकाऱ्याला सहसा नसतो. त्याची पाठ थोपटणारे वा त्याला नावे ठेवणारे तेथे कोणी हजर नसते, म्हणून त्याच्या वर्तनाचा निवाडा त्याच्या सदसद्विवेकालाच करावा लागतो. या निरीक्षणाला एक पुरवणी जोडता येईल. प्रेक्षक रानात नसला, तरी तो संध्याकाळी शेकोटीभोवती भेटतो. सोबत्यांची थट्टा हा उशिरा भरलेला प्रेक्षकवर्ग होय, आणि हत्याराचा सल्ला हे त्या प्रेक्षकांना उमगेल अशा भाषेत मांडलेले जखमेचे शास्त्र होय. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, शिकारसाहित्यातील उत्तरदायित्व या बोलण्यात शोधावे लागते. आणि ते खरे आहे की निव्वळ पळवाट आहे, हे त्या वर्तुळात कोणाला बोलण्याची, विशेषतः थट्टा करण्याची, मुभा आहे यावर ठरते.

२.

या संवादप्रकाराची दोन्ही अंगे भारतीय परंपरेत स्वतंत्रपणे आढळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयाविनोदाचे विवेचन आहे. तेथील स्वर शास्त्राचा आहे. ज्ञान वरून खाली येते आणि उलट प्रश्न विचारणारा कोणी नाही. सल्ला आहे, पण तो ऐकून हसणारा सोबती नाही.

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात याच्या नेमके उलट चित्र आहे. विदूषक मृगयेला कंटाळला आहे. पानांनी कडवट झालेले रानातले पाणी, वेळी-अवेळी खावे लागणारे भाजलेले मांस, घोड्यामागे धावून खिळखिळे झालेले सांधे अशी त्याची तक्रार आहे. सेनापती मात्र मृगयेची स्तुती करतो : शरीर हलके व कार्यक्षम होते, भय आणि क्रोध यांत प्राण्यांचे चित्त कसे पालटते ते कळते, आणि हलत्या लक्ष्यावर बाण लागणे हा धनुर्धराचा उत्कर्ष होय. त्यावर विदूषक त्याला हुसकावतो आणि माणसाच्या नाकाला चटावलेल्या एखाद्या म्हाताऱ्या अस्वलाच्या तोंडी तो पडणार, असे भाकीत करतो. या प्रसंगातील खरी गंमत अशी की, राजासमोर स्तुती करण्याआधी सेनापतीने विदूषकाला मित्र म्हणून बाजूला सांगून ठेवले आहे : तू विरोध धरून ठेव, मी धन्याच्या मनाप्रमाणे बोलतो. म्हणजे मृगयेची ही प्रशस्ती धन्याचे मन राखण्यासाठी केलेली आहे आणि तिचे खंडन थट्टेच्या रूपाने व्हावे, ही सेनापतीचीच इच्छा आहे. जे अधिकाऱ्याला राजाला सांगता येत नाही ते विदूषकाला सांगता येते.

या संवादाचा परिणामही होतो. दुष्यंत मृगया थांबवतो. त्याचे मन शकुंतलेकडे लागले आहे, हे त्याचे खरे कारण असले तरी आज्ञेचे रूप लक्षणीय आहे. रेड्यांनी डबक्यात डुंबावे, हरणांनी सावलीत रवंथ करावा, डुकरांनी निर्धास्तपणे लव्हाळे उकरावेत आणि दोरी सैल केलेल्या आपल्या धनुष्यालाही विसावा मिळावा, अशी ती आज्ञा आहे. पशूंच्या विश्रांतीच्या यादीत हत्याराची विश्रांती येते. धनुष्य हे थकणारे, विसाव्याची गरज असलेले काही आहे ही कल्पना पुढे एका अगदी वेगळ्या भूभागात पुन्हा भेटणार आहे.

सल्ला आणि संवाद यांची सांगड घालणारा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे रॉजर ॲस्कम यांचा ‘टॉक्सोफिलस’ (१५४५). तो शिकारीवर नसून धनुर्विद्येवर आहे. परंतु पुढील इंग्रजी धनुर्धर-लेखकांचा तो पूर्वज आहे. धनुष्यप्रेमी टॉक्सोफिलस आणि ग्रंथप्रेमी फिलोलोगस या दोन मित्रांच्या संभाषणातून मनगटपट्टा, हातमोजा, दोरी, धनुष्याचे लाकूड, बाणाची काडी, पीस आणि फाळ यांचे विवेचन क्रमाने होते. आणि मग उभे राहणे, बाण जोडणे, ओढणे, धरणे व सोडणे या पाच क्रियांकडे चर्चा वळते. फिलोलोगस शंका घेतो, चिमटे काढतो, मित्राच्या उत्साहाला आवर घालतो. त्यामुळे येथील सल्ला आज्ञेसारखा उतरत नाही. प्रत्येक विधानाला समोरच्याच्या अविश्वासातून पार व्हावे लागते. शास्त्रग्रंथ आणि हा संवाद यांत मूलभूत फरक आहे तो येथे.

३.

थट्टेचे सामाजिक कार्य काय असते, याचे उत्तर मानववंशशास्त्राने दिले आहे. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यावर लिहिताना त्याला परवानगी असलेला अनादर मानले : जेथे जवळीक आणि संघर्ष दोन्ही संभवतात तेथे चिडवण्याची मुभा नाते टिकवून धरते. शिकाऱ्यांच्या संदर्भात याहून नेमका पुरावा रिचर्ड ली यांच्या कालाहारीतील अभ्यासात आहे. विषारी बाणांनी शिकार करणाऱ्या जुहोआन्सी (कुंग) समाजात मोठी शिकार आणणाऱ्याचे कौतुक होत नाही. सोबती मांसाला नावे ठेवतात. जनावर हाडकुळे आहे, एवढ्यासाठी कशाला ओढत आणले, असे बोलतात. ली यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात स्वतःच या थट्टेला बळी पडल्याची हकिकत सांगितली आहे. नाताळासाठी त्यांनी निवडलेला धष्टपुष्ट बैल सर्वांनी कुचकामी ठरवला. पुढे त्यांना मिळालेले स्पष्टीकरण असे की, पुष्कळ मांस मिळवणारा तरुण स्वतःला मोठा समजू लागतो आणि असा गर्व एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल. म्हणून त्याचे मांस कवडीमोलाचे ठरवून त्याचे मन थंड करायचे.

या थट्टेला हत्याराच्या देवघेवीची जोड आहे. जनावराला प्रथम लागलेला परिणामकारक बाण ज्याच्या मालकीचा, तो मांसाचा मालक व वाटपाचा जबाबदार. बाण कोणी सोडला ही बाब दुय्यम. बाण उसने दिले जातात, भेट म्हणून फिरतात. त्यामुळे शिकाऱ्याच्या भात्यात एकाच वेळी अनेकांचे बाण असतात आणि कोणाचा बाण दोरीला लावायचा हा प्रश्न नेमाइतकाच नात्याचा असतो. येथे हत्यार हे व्यक्तीच्या कर्तृत्वाचे चिन्ह राहत नाही. कर्तृत्व विखरून टाकण्याचे ते साधन बनते. युरोप-अमेरिकेच्या शिकारसाहित्याशी तुलना करताना हा निकष हाती ठेवणे उपयुक्त ठरते : हत्याराविषयीचे बोलणे कर्तृत्व एकवटते की विखुरते?

४.

तुर्गेनेव्ह यांच्या ‘शिकाऱ्याच्या टिपणां’त (१८५२) येर्मोलाय या शिकाऱ्याचे हत्यार म्हणजे एकनळी, चकमकीची बंदूक. तिचा धक्का इतका वाईट की त्याचा उजवा गाल नेहमी डाव्यापेक्षा सुजलेला असतो. या एका तपशिलात दारिद्र्य, कौशल्य आणि विनोद एकत्र आले आहेत. असल्या बंदुकीने नेम साधणारा माणूस उत्तम हत्यार बाळगणाऱ्या जमीनदारापेक्षा निष्णात आहे, हे न बोलता सांगितले जाते. परंतु थट्टा एकाच दिशेने वाहते. निवेदक येर्मोलायच्या गालाविषयी मिश्कीलपणे लिहू शकतो. येर्मोलाय भूदास आहे, मालकवर्गाच्या बंदुकीविषयी तो तितक्या मोकळेपणाने बोलणार नाही. १८६१ मध्ये भूदासप्रथा संपुष्टात आली. तिच्याविरुद्ध मत तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा होता, असे मानले जाते. पण त्याच्या विनोदाची रचना मात्र त्याच प्रथेच्या उतरंडीवर उभी आहे.

हेमिंग्वे यांच्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ (१९३५) या पुस्तकात हे बोलणे संपूर्ण पुस्तकाचा कणा बनते. १९३३-३४ च्या सफरीचा हा वृत्तांत आहे. निवेदकाची भरवशाची स्प्रिंगफील्ड रायफल, पत्नीची हलकी मानलिखर, अनुभवी मार्गदर्शक ‘पॉप’ आणि दरवेळी अधिक मोठी शिंगे मिळवणारा सोबती कार्ल अशी ही मांडणी आहे. सिंहाच्या प्रसंगी पत्नी आधी बार काढते, सिंह प्रत्यक्षात नवऱ्याच्या गोळीने पडतो. पण छावणी मात्र बाईंनीच सिंह मारला असे जाहीर करते, त्यांना उचलून नाचवते आणि हे सौजन्याचे खोटे सर्वजण गंभीरपणे निभावतात. जुहोआन्सी समाज खऱ्या यशाला खोटे नाव ठेवतो. येथे खोट्या यशाला खरे मानले जाते. दोन्हींत यशाची मालकी शिकाऱ्याच्या हातून काढून घेतली जाते, पण पहिल्यात ती सर्वांत वाटली जाते आणि दुसऱ्यात ती एका मालकिणीला अर्पण होते.

या पुस्तकाचे नैतिक केंद्र मात्र दुसरीकडे आहे. एका अपघातात मोडलेल्या स्वतःच्या हाताची, रुग्णालयातील वेदनेच्या रात्रींची निवेदकाला आठवण येते आणि खांदा फुटून निसटलेल्या जनावराला काय वाटत असेल याचा तो विचार करतो. पुढे एक सेबल हरणाचा नर त्याच्या गोळीने जखमी होऊन निसटतो, शोधूनही सापडत नाही. त्याबद्दलची खंत निवेदक लपवत नाही. परंतु तिला सोबत्यांच्या बोलण्यात जागा मिळत नाही. शेकोटीपाशी चर्चा होते ती कार्लच्या शिंगांच्या लांबीची. शेवटी निवेदकाचा अभिमानाचा कुडू कार्लच्या त्याहून भव्य कुडूपुढे फिका पडतो, तेव्हा पॉपची समजूत अशी की शिकाऱ्यापाशी खरे उरते ते त्याने जनावर कसे मारले याची आठवण. हे सांत्वन उदात्त आहे, पण एकाकी आहे. निकष पुन्हा शिकाऱ्याच्या मनात परततो. वर्तुळाने मोजमाप केले, न्याय केला नाही. हेमिंग्वे यांचे यश असे की त्यांनी ही मत्सराची भाषा स्वतःवर उलटू दिली. त्यांची मर्यादा अशी की त्या भाषेत सेबलविषयी बोलण्याची सोय त्यांना सापडली नाही.

५.

विसाव्या शतकाच्या अमेरिकेत हा वाक्‌प्रकार मासिकांच्या स्तंभांतून स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून स्थिरावला. जॅक ओकॉनर (१९०२-१९७८) आणि एल्मर कीथ (१८९९-१९८४) यांचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. ओकॉनर कादंबरीकार आणि ॲरिझोना विद्यापीठातील पत्रकारितेचे अध्यापक होते. पुढे दीर्घकाळ ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूकविषयक संपादक राहिले. १९२५ मध्ये आलेल्या विंचेस्टरच्या .२७० काडतुसाचे, त्यातील १३० ग्रेन वजनाच्या वेगवान गोळीचे, ते प्रख्यात पुरस्कर्ते. कीथ आयडाहोचे पशुपालक व शिकारमार्गदर्शक; त्यांचा भर जाड नळीवर, जड व संथ गोळीवर. वाचकांच्या पिढ्यांनी या वादात बाजू घेतल्या आणि एकमेकांना चिडवले. मूळ दोघांमधील भाव मात्र नेहमीच मैत्रीचा नव्हता.

वरवर हा आकड्यांचा वाद आहे. वस्तुतः तो मानवी स्खलनशीलतेविषयीचा वाद आहे. ओकॉनर यांची भूमिका अशी की, मर्मस्थानी लागलेली हलकी गोळी पुरेशी असते आणि सौम्य धक्क्याची बंदूकच माणसाला शांतपणे नेम धरू देते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग चोरणारा शिकारी जनावर जखमी करतो. येर्मोलायचा सुजलेला गाल येथे सिद्धान्त होऊन येतो. कीथ यांची भूमिका अशी की, जनावर तिरके उभे असते, वारा असतो, अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून गोळीत इतकी ताकद हवी की तिरक्या कोनातूनही ती मर्मापर्यंत पोहोचावी. पहिल्याचा भरवसा शिस्तीवर आहे, तर दुसरा चूक होणारच असे गृहीत धरतो. जखमी जनावराचे दुःख हा दोघांचाही अध्याहृत विषय आहे; पण त्याचे नाव न घेता ते ग्रेन, वेग आणि भेदकता यांच्या भाषेत बोलतात. रॉबर्ट रुआर्क यांच्या ‘यूज इनफ गन’ (१९६६) या ग्रंथाचे शीर्षक म्हणजे एक पूर्ण सल्ला आहे; तर कीथ यांच्या ‘हेल, आय वॉज देअर!’ (१९७९) या आत्मचरित्राचे शीर्षक म्हणजे अविश्वास दाखवून हसणाऱ्या श्रोत्याला दिलेले प्रत्युत्तर आहे. हा संवादप्रकार शीर्षकांपर्यंत झिरपला आहे, याचा हा पुरावा.

हत्यारावर इतके बोलले गेले की हत्यारच दोषी ठरवण्याची सोय होते, हा या परंपरेतील धोका. नेम चुकला तर गोळी हलकी होती, दुर्बीण सरकली होती, असे म्हणता येते. लिओपोल्ड स्वतः हाताने धनुष्ये बनवत. उपकरणांच्या विक्रेत्याने शिकाऱ्याला नाना साधनांनी लादून त्याच्या स्वावलंबनाची जागा घेतली, ही त्यांची टीका या संदर्भात वाचली पाहिजे. पॅट्रिक मॅकमॅनस (१९३३-२०१८) यांनी हीच टीका प्रहसनाच्या वाटेने केली. ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन केलेल्या या लेखकाच्या स्तंभलेखनात रॅन्सिड क्रॅबट्री नावाचा आंघोळीशी वैर असलेला वनवासी म्हातारा आणि रेच स्वीनी हा मित्र वावरतात. त्यांच्या जगात उपकरणे हटकून दगा देतात आणि तज्ज्ञ तोंडघशी पडतात. पराक्रमाच्या मासिकात शेवटच्या पानावर अपयशाला मानाची जागा देणारा हा विदूषक होय. ओकॉनर व कीथ यांच्या सेनापतीय प्रशस्तीला तो कालिदासीय प्रत्युत्तर देतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मधील आपल्या विवेचनात शिकारीचे मर्म आत्मसंयमात पाहिले. यंत्रयुगातील माणूस आपली शक्ती जाणूनबुजून आवरतो आणि जनावराला निसटण्याची संधी ठेवतो, तेव्हाच ती शिकार उरते. धनुष्याकडे परतणारे आधुनिक शिकारी या युक्तिवादाचा आधार घेतात. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी केवळ धनुर्धारींचा स्वतंत्र हंगाम सुरू केला, तेव्हापासून रायफलवाले आणि धनुष्यवाले यांच्यातील चिडवाचिडवीला नवे क्षेत्र मिळाले. पण संयमाचा हा दावाही निरपवाद नाही. रायफलची गोळी आघाताने मारते. बाणाचा फाळ रक्तस्रावाने मारतो. म्हणून धनुर्धारींच्या सल्ल्यात फाळाला दाढीच्या पात्यासारखी धार हवी, अंतर वीस-तीस यार्डांपलीकडे नको, बाण लागल्यावर घाईने मागावर धावू नये, आधी थांबावे आणि मग रक्ताचा माग काढावा, या गोष्टी पुनःपुन्हा येतात. १९६९ मध्ये होलेस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या संयुक्त धनुष्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ओढलेल्या स्थितीत हातावरचा भार कमी करणाऱ्या या धनुष्याने धनुर्धारींतच दोन तट पडले. साध्या धनुष्याचे अभिमानी त्या कप्प्यांना सायकल शिकणाऱ्या पोराची जादा चाके म्हणून हिणवतात. समोरून उत्तर येते की, जनावराला जखमी करून सोडणारा साधेपणा काय कामाचा? थट्टेच्या आडून येथेही जखमेचाच हिशेब मांडला जातो.

६.

या साऱ्या धनुष्यपरंपरेच्या मुळाशी असलेल्या एका मैत्रीत मात्र हा संवादप्रकार आपल्या सीमेवर येऊन थांबतो. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे याही जमातीचा एकटा उरलेला पुरुष गोऱ्या वस्तीत आला. त्याने आपले नाव सांगितले नाही. ‘इशी’, म्हणजे माणूस, या शब्दाने तो ओळखला गेला. विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात तो राहू लागला आणि तेथे डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाची व त्याची मैत्री जुळली. इशीने पोपना धनुष्य घडवायला व शिकार करायला शिकवले. पोप यांच्या ‘याही आर्चरी’ (१९१८) व ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ (१९२३) या लेखनातून अमेरिकेतील आधुनिक धनुर्शिकार उभी राहिली. पोप व त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये मंडळही स्थापन झाले.

इशीच्या सल्ल्यांत तंत्र आणि आचार वेगळे नव्हते. शिकारीच्या आधी मासे वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. ओठांच्या आवाजाने सशाला साद घालायची. आणि धनुष्य वापरात नसताना आडवे ठेवायचे, कारण उभे धनुष्य काम करीतच राहते, त्याला घाम येतो आणि ते दुबळे होते. दुष्यंताच्या आज्ञेतील विसावणारे धनुष्य येथे पुन्हा भेटते. दोन परंपरांत कोणताही संपर्क नाही. साम्य आहे ते हत्याराला सजीव सोबती मानण्यात. लाकडाचे ताणतणाव जाणणाऱ्या हातांना हे रूपक वाटत नाही, तो व्यवहार वाटतो. पोप हे सल्ले प्रेमाने नोंदवतात, क्वचित हसूनही नोंदवतात. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने मरण पावला, तेव्हा त्याच्यासोबत त्याचे धनुष्य व पाच बाण ठेवण्यात आले. मात्र मित्रांतील मतभेद डावलून शवविच्छेदन झाले, मेंदू वेगळा काढला गेला आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. तो २००० मध्ये संबंधित आदिवासी समूहांकडे परत आला.

इशी एकटा का उरला, याचे उत्तर रायफलमध्ये आहे. याही लोकांचा संहार १८५० नंतरच्या दोन दशकांत वसाहतवाल्यांनी केला. टी. टी. वॉटरमन यांनी १९१८ मध्ये नोंदवलेल्या व थिओडोरा क्रोबर यांनी ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ (१९६१) मध्ये पुन्हा सांगितलेल्या एका हकिकतीत, १८७०च्या सुमारास एका गुहेतील हत्याकांडाच्या वेळी एका गोऱ्या गुराख्याने आपले हत्यार बदलले. .५६ ची स्पेन्सर रायफल लहान मुलांना फारच फाडते, म्हणून त्याने .३८ चे रिव्हॉल्व्हर घेतले.

हे विधान शिकाऱ्यांच्या सल्ल्याच्या व्याकरणात तंतोतंत बसते. लक्ष्याच्या मानाने नळी जाड आहे, जखम अनावश्यक आहे, हलके हत्यार पुरेसे आहे. ‘स्वच्छ’ मृत्यूची, अनावश्यक इजा टाळण्याची सारी शब्दावली येथे हजर आहे, आणि तिचा एक कणही नैतिक उरलेला नाही. म्हणून या वाक्‌प्रकाराच्या कोणत्याही वाचनाला या वाक्याला सामोरे जाणे भाग आहे. हत्याराचा सल्ला स्वतःहून दयाळू नसतो. कशाने मारावे या प्रश्नाची सूक्ष्म चर्चा मारावे की नाही हा प्रश्न गिळून टाकू शकते. त्या गुहेत त्या माणसाला अडवणारा विदूषक नव्हता. त्याच्या सोबत्यांपैकी कोणी प्रतिप्रश्न केल्याचे हकिकत सांगत नाही.

पोप यांच्या पुस्तकाच्या आरंभी याही लोकांच्या संहाराचा उल्लेख आहे. तो लपवलेला नाही. पण त्यानंतर पुस्तक धनुष्याच्या लाकडाकडे, दोरीकडे, फाळाकडे वळते आणि ही दोन बोलणी पुढे कधी एकत्र येत नाहीत. इशी गुरू म्हणून वर्तुळात आला. साक्षीदार म्हणून नाही. त्याचा सल्ला घेतला गेला, त्याच्या लोकांवर चाललेल्या रायफलींविषयी मात्र तो काय म्हणेल याला त्या मैत्रीच्या भाषेत जागा नव्हती. तुर्गेनेव्हचा येर्मोलाय, हेमिंग्वेच्या छावणीतील बंदूकवाहक आणि पोपचा इशी हे तिघेही आपापल्या वर्तुळातील सर्वांत जाणते. आणि तिघांच्याही बाबतीत, उलट थट्टेची मुभा अपुरी आहे.

७.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला या निष्कर्षाचा विशेष उपयोग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर भारतात हौशी शिकारीची परंपरा कायद्याने संपली. त्यामुळे शिकारकथा येथे आता भूतकाळातील संहिता म्हणून वाचावी लागते. मराठीतच पाहिले तर ‘मृगया’, ‘शिकार’ आणि ‘पारध’ या तीन शब्दांत राजा, हौशी सद्गृहस्थ आणि रानावर जगणारा समाज अशी उतरंड गोठली आहे. ‘शिकारी’ हे कौतुकाचे विशेषण राहिले. ‘पारधी’ हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या ठपक्याच्या छायेत गेले आणि १९५२ च्या विमुक्तीनंतरही त्यातून पुरते बाहेर आले नाही. फासे विणण्याचे, माग काढण्याचे, पक्ष्याला साद घालण्याचे ज्या समाजाचे ज्ञान, त्याचा आवाज शिकारकथेत बहुधा हाकाऱ्याच्या किंवा वाटाड्याच्या भूमिकेत, सल्ला विचारला जाईल तेवढाच येतो.

तेव्हा तौलनिक वाचनाने शिकारसाहित्याला विचारावयाचा प्रश्न थोडा बदलला पाहिजे. जनावर कसे मारले, यासोबतच त्याविषयी कोण कोणाशी बोलले, कोणाला हसण्याची परवानगी होती आणि कोणाच्या हसण्याने शिकाऱ्याची मान खाली गेली, हे पाहणे आवश्यक आहे. जुहोआन्सींच्या टिंगलीने गर्वाला आवर घातला, कालिदासाच्या विदूषकाने निदान एका दिवसापुरती हरणांना सावली मिळवून दिली, ओकॉनर-कीथ वादाने जखमेला आकड्यांची का होईना पण भाषा दिली. जेथे उलट बोलणाराच वर्तुळात नव्हता, तेथे तीच भाषा संहाराच्या सोयीची झाली. शेकोटीभोवतीचे हे हलकेफुलके बोलणे शिकारसाहित्याच्या नीतिविचाराचे प्रमुख साधन मानले गेले, तर या साहित्याच्या गुणदोषांचा हिशेब अधिक न्याय्य रीतीने मांडता येईल.